पाण्याखाली कुणाचा हात धरायचा?

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात आपल्यापैकी कितीतरी जणी पाहुण्यांसाठी खोल्या चालवतात. पाहुणा जेवून सोलकढी प्याला की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, स्कूबा कुठे करायचं?" मग आपण ओळखीतला एखादा नंबर देऊन मोकळ्या होतो. हल्ली आपल्याच घरातल्या मुली विचारायला लागल्यात की आम्हालाही स्कूबा शिकायचंय, त्यात काम मिळेल का. दोघांनाही नीट उत्तर देता यावं म्हणून आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. पाठीवरच्या सिलिंडरला सगळे 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात, पण त्यात आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा दाबून भरलेली असते. ही हवा कंप्रेसरने भरतात. कंप्रेसर हवा ओढतो त्या तोंडाशी इंजिनाचा धूर आला तर तो विषारी धूरही सिलिंडरमध्ये जातो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी नळीतून दोन श्वास घेऊन बघायचे. तेलाचा, धुराचा वास किंवा चव लागली तर तो सिलिंडर नको म्हणायचं, त्यात लाजायचं काही कारण नाही. सिलिंडरच्या मानेजवळ तपासणीची तारीख कोरलेली असते, तीही दाखवायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. ३३ फूट, म्हणजे १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्या खोलीवर छाती भरून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि पाण्याबाहेर येईपर्यंत जागा दुप्पट व्यापते. अशा वेळी कुणी घाबरून श्वास रोखून वर आलं, तर फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोलही जावं लागत नाही. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही, सावकाश चालू ठेवायचा. कानाचंही तसंच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. दुखायला लागलं तर तिथेच थांबायचं, थोडं वर यायचं. पुढची बोट भरायची घाई असलेला माणूस तुमच्या कानासाठी थांबत नाही.

या दोन गोष्टी जो किनाऱ्यावर, तुम्हाला समजेल अशा भाषेत, तुमच्याकडून करून घेत नाही, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका. खुणाही आधीच शिकवायला हव्यात. अंगठा वर केला की आपण जमिनीवर 'छान' म्हणतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर ने' असा होतो! 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. हे माहीत नसेल तर बाई आनंदाने अंगठा दाखवते आणि तिला वर आणून सोडतात. वर यायचंय हे सांगता आलं नाही तर मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही.

चांगली संस्था ओळखायची माझी खूण सोपी आहे, ती गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणते. उतरण्याआधी तब्येतीचा कागद भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, आकडी, कानाचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे त्यात विचारलेलं असतं. 'सगळीकडे नाही लिहा, चालतं' असं सांगणारा तुमचा जीव वाऱ्यावर सोडतोय. गरोदर बाईने स्कूबा करायचंच नाही. पाळी चालू असेल तर अडचण नाही, बाकी कोण काय सांगतं तिकडे लक्ष देऊ नका. समुद्र खवळलाय, पाणी गढूळ आहे, आज जमणार नाही असं सांगून पैसे परत करणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

बोटही बघा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. पाण्याखालचं सगळं सुखरूप पार पडलं तरी परतीची वाट राहतेच. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते अंगात घालायला लावतात का, बोटीत किती माणसं घेतात, प्रथमोपचाराची पेटी आणि ऑक्सिजन बोटीवर आहे का, हे विचारा. इथे मात्र खराखुरा ऑक्सिजन लागतो.

बायकांना संकोच वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पहिल्यांदा उतरताना डायव्हर आपल्याला धरून नेतो. तो कुठे धरणार हे आधीच विचारावं. सिलिंडरला, जॅकेटच्या पट्ट्याला किंवा दंडाला धरून काम होतं. कपडे बदलायला बंद जागा आहे का, बाई डायव्हर मिळेल का, हेही विचारा. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग्ज चालतात. ओढणी आणि गळ्यातलं काढून ठेवा, ते नळीत अडकतं. नवख्या माणसांसाठी एका प्रशिक्षकामागे चारपर्यंत माणसं चालतात असा आंतरराष्ट्रीय संस्थांचा नियम आहे. पण आपल्याकडच्या गढूळ पाण्यात मी तर म्हणेन, एकाला एकच हवा. आणि हात धरणारा वेगळा, व्हिडिओ काढणारा वेगळा.

आता शिकणाऱ्या मुलींसाठी. अर्ध्या तासाची हौशी डुबकी वेगळी आणि कोर्स वेगळा. त्या डुबकीचा रंगीत कागद मिळतो, पण तो आठवण म्हणून भिंतीला लावायचा. त्यावर कुणी नोकरी देत नाही. पाडी, एसएसआय अशा संस्थांचा पहिला कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्यात अभ्यास, उथळ पाण्यातला सराव आणि मग समुद्रात चार वेळा उतरणं येतं. त्यानंतर ६० फुटांपर्यंत जाता येतं. २०० मीटर पोहायला आणि १० मिनिटं तरंगायला जमावं लागतं, म्हणून आधी पोहणं पक्कं करा. नोकरीच्या पायऱ्या त्याच्या पुढे आहेत. 'डाइव्हमास्टर' माणसांना फिरवून आणतो, पण हा कोर्स शिकवून प्रमाणपत्र द्यायचा अधिकार 'इन्स्ट्रक्टर'ला असतो. त्याला नंबर असतो आणि तो चालू आहे की नाही हे संस्थेच्या वेबसाइटवर दिसतं. गटात जिच्या हातात फोन आहे तिला बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. 'एका दिवसात सर्टिफिकेट' अशी पाटी दिसली तर पैसे पिशवीतच ठेवा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्वतःची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. कोर्स, फी, मुलींची राहण्याची सोय याची चौकशी तिथून सुरू करता येईल.

खोल्या चालवणाऱ्या मैत्रिणींना आणखी एक सांगते. पाहुणा पाठवला की कमिशन मिळतं, त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्याकडे पाठवता त्याच्या बोटीत आधी एकदा स्वतः बसून या. आणि पाहुण्याला परतीचं तिकीट विचारा. स्कूबानंतर लगेच विमानात बसलं की शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत, नसांत त्रास देतो. एकदाच उतरला असेल तर निदान १२ तास, जास्त वेळा उतरला असेल तर १८ तास विमान टाळायचं. संध्याकाळी चिपीहून उडणार असेल तर त्याला स्कूबा आदल्या दिवशी करायला लावा, शेवटच्या दिवशी किल्ला दाखवा.