खोलीचे माप, शहराचे माप



आजच्या विषयाला हल्ली एक नवे नाव पडले आहे. मायक्रो-अपार्टमेंट. जगभरचे वास्तुविशारद आणि नगररचनाकार सांगतात, की शहराचा ओसाड पडू लागलेला जुना भाग पुन्हा जिवंत करायचा असेल, तर तेथे लहान पण नीट आखलेली घरे बांधा. माणसे येतील, त्यांच्यामागून दुकाने येतील आणि भाग पुन्हा गजबजेल. कल्पना वाईट नाही. मात्र गिरणगावातल्या माणसाला ती ऐकून थोडे हसू येते. नाव नवे असेल, वस्तू त्याच्या ओळखीची आहे. तिला तो ‘खोली’ म्हणतो.

मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे, वास्तुशास्त्राचा पदवीधर नव्हे. वेतनाच्या वाटाघाटीत रुपये आणि पैसे मोजण्याची सवय लागली, तीच मी येथे चौरस फुटांना लावणार आहे. लहान घराने शहर सुधारते का आणि सुधारत असेल तर कोणत्या अटींवर, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या शहराचा दाखला घेऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कामगारांची घरे हा सरकारला प्रथमच गंभीर प्रश्न वाटू लागला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडले. त्याचीच आद्याक्षरे आजही बीडीडी चाळींच्या नावात आहेत. पन्नास हजार खोल्या बांधायच्या असा बेत होता आणि त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना दहा दहा दारे, संडास सामाईक आणि खोली १६० चौरस फुटांची.

आता गंमत पाहा. एवढी घरटंचाई असताना वरळीच्या कित्येक चाळी बांधून झाल्यावर वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या होत्या. काही चाळींचा उपयोग कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रह्यांना डांबण्यासाठी तुरुंग म्हणून झाला. कामगार तेथे का गेले नाहीत? कारण ती जागा त्या वेळी गिरण्यांपासून दूर होती, जाण्यायेण्याची सोय नव्हती आणि भाडे परवडत नव्हते. पहिली पाळी गाठायची तर भोंग्याच्या हाकेवर घर हवे. हा पहिला धडा आपण गाठीशी बांधून ठेवू. घर लहान आहे की मोठे, हे कामगार नंतर पाहतो. ते कामापासून किती दूर आहे, हे तो आधी पाहतो.

दुसरा धडा खोलीच्या आतला आहे. दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशी खोली घेऊ. घरात सहा माणसे आहेत असे धरू. झोपलेल्या माणसाला सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा लागते, म्हणजे पंधरा चौरस फूट. सहा माणसांचे नव्वद झाले. चूल आणि मोरी यांना पंचवीस, ट्रंका, फडताळ आणि पाण्याचे पिंप यांना वीस. उरले पंचवीस चौरस फूट. तेवढ्यात माणसाने चालायचे, मुलाने अभ्यास करायचा, आजाऱ्याने कण्हायचे आणि नव्या सुनेने लाजायचे.

मग त्या खोलीत माणसे जगली कशी? ती केवळ खोलीत जगली नाहीत, हे याचे उत्तर. वळकट्या सकाळी भिंतीला लागत. एकटे आलेले कोकणातले आणि घाटावरचे गडी गावकीच्या खोलीत राहत. एक पाळीला गेला, की दुसरा त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाईही त्याच चाळीतली. गॅलरी किंवा बोळ ही बायकांची बसायची जागा, ओटा ही म्हाताऱ्यांची, व्यायामशाळा आणि मंडळाची खोली तरुणांची. नळावर भांडणे होत हे खरे, पण आजारी माणसाची खबरही नळावरच लागे. घराचा जो भाग खोलीत मावत नव्हता, तो चाळीने आणि रस्त्याने सांभाळला होता. संपाच्या दिवसांत उधारीवर धान्य देणारा वाणीही त्याच रस्त्यावरचा. म्हणून मी म्हणतो, की लहान घराचे माप त्याच्या चार भिंतींत संपत नाही. भिंतीबाहेर त्याला काय मिळते, ते मिळवून मगच बेरीज करावी.

येथे कोणी म्हणेल, ‘मग चाळ चांगलीच होती म्हणायची!’ तसे मी म्हणत नाही. सामाईक संडासासमोर पहाटे डबा घेऊन उभे राहण्यात कसलीही संस्कृती नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके राहिले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले आणि त्यात पुस्तकांना प्रशस्त जागा दिली, हेही ध्यानात ठेवावे. थोर माणूस लहान खोलीत वाढला, म्हणून खोली लहानच असावी, हा तर्क मोठ्या घरात राहणारेच करतात.

आता परदेशाकडे वळू. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ च्या सुमारास कामगारांसाठी हजारो घरे बांधली जात होती. तेथे मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर आणि लांबी ३.४ मीटर, म्हणजे आपल्या मापाने जेमतेम सत्तर चौरस फूट. गृहिणीची पावले आणि वेळ मोजून त्यांनी ओटा, कपाटे आणि मोरी यांच्या जागा ठरवल्या. कारखान्यात वेळ मोजणारे घड्याळ पाहिले, की आमच्या कपाळाला आठ्या पडतात. येथे तेच घड्याळ बाईचे श्रम वाचवण्याच्या कामी आले. १९२९ मध्ये त्याच शहरात वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. माणसाला किमान किती घर लागते, हाच तिचा विषय होता. किमान म्हणजे काय, तर ज्याच्या खाली जाता येत नाही ते. आपल्याकडे मात्र किमान वेतनाचे जे होते तेच किमान घराचे झाले. ज्याच्या खाली जायचे नाही तो आकडा, ज्याच्या वर जायचे नाही असा ठरून बसला.

हाँगकाँगचा दाखला आपल्याला अधिक जवळचा आहे. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई येथील झोपडपट्टी जळाली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे उघड्यावर पडली. सरकारने १९५४ पासून सहा-सात मजली इमारती उभ्या केल्या. पाच प्रौढांना १२० चौरस फुटांची खोली, म्हणजे माणशी चोवीस चौरस फूट. पाणी आणि संडास सामाईक. आपल्या बीडीडी चाळीची धाकटी बहीणच म्हणा. पण तेथे काम थांबले नाही. १९७३ च्या दहा वर्षांच्या योजनेत माणशी ३५ चौरस फुटांचे माप धरले गेले आणि जुन्या इमारती हळूहळू पाडून किंवा बदलून टाकल्या गेल्या. त्यांतली एक इमारत तेवढी राखली असून २०१३ पासून तेथे तरुण प्रवाशांचे वसतिगृह आणि संग्रहालय चालते. हाँगकाँगमध्ये आजही घरांचे हाल आहेत. ते शहर आदर्श म्हणून मी सांगत नाही. लहान खोली ही पायरी आहे, मुक्काम नव्हे, एवढे त्यातून घ्यावे.

न्यूयॉर्कने २०१६ मध्ये मॅनहॅटनमध्ये ५५ लहान घरांची इमारत उभी केली. तेथे घराला किमान चारशे चौरस फुटांचा नियम होता. तो या इमारतीपुरता शिथिल केला आणि २६० ते ३६० चौरस फुटांची घरे झाली. मोठ्या खिडक्या, उंच छत, सामाईक बैठक आणि गच्ची. हे लहान घर एका किंवा दोन माणसांचे! आपल्या सहा माणसांच्या कुटुंबाला २२५ चौरस फूट दिले, तर माणशी साडेसदतीस येतात. दोन्ही घरांना एकच नाव देणे म्हणजे उपासाला आणि उपासमारीला एकच शब्द वापरणे होय.

हा २२५ चा आकडा आला कोठून? १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत तेवढेच घर होते. पुढे ते २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर आले. गिरणी कामगारांच्या घरांची कथा याहून कडवट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. गिरण्या बंद पडल्यावर जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जमिनीचे वाटे करायचे ठरले. गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम केला. मग २०१२ मध्ये २२५ चौरस फुटांच्या सुमारे सात हजार घरांची सोडत निघाली आणि अर्ज होते दीड लाखाच्या घरात. घर लहान का झाले, याचे उत्तर जमिनीच्या वाटपात आहे. वास्तुविशारदाच्या पट्टीने त्यात काही बिघडवले नाही आणि तिला काही सुधारताही आले नसते.

या २२५ चौरस फुटांचाही हिशेब करू. संडास-न्हाणीला तीस, स्वयंपाकाला पंचेचाळीस, दार आणि वाट यांना पंधरा. नव्वद गेले, उरले एकशे पस्तीस. आता जुन्या १६० मधून चूल-मोरीचे पंचवीस वजा करा. तेही एकशे पस्तीसच! संडास घरात आला, ही मोठी आणि हक्काची कमाई आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण बसण्या-झोपण्याची जागा तसूभरही वाढली नाही, आणि बाहेरची गॅलरी, ओटा, अंगण गेले. तरी आपण म्हणतो, घर मोठे झाले.

जागेपेक्षाही महाग असते ती हवा. गोवंडी-मानखुर्द भागातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केली. ज्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत, तेथे खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही आणि क्षयाचे रोगी अधिक आढळतात, असा तिचा निष्कर्ष होता. तिसऱ्या, तुलनेने मोकळ्या वसाहतीत परिस्थिती बरी होती. घरे तिन्हीकडे लहानच. फरक दोन इमारतींमधल्या अंतराचा. झोपडीतून पक्क्या घरात आणलेल्या माणसाला आपण क्षय दिला, तर त्याला पुनर्वसन कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हा लहान घर नीट आखायचे म्हणजे काय करायचे, ते थोडक्यात सांगतो. छताची उंची नऊ फुटांऐवजी अकरा केली, तर मागच्या भागात चार फुटांचा पोटमाळा निघतो. त्याखाली सात फूट उरतात आणि वर एक मूल अभ्यासाला बसू शकते किंवा दोन माणसे झोपू शकतात. इमारतीचा खर्च थोडा वाढतो, जमीन इंचभरही जास्त लागत नाही. दार आणि खिडकी समोरासमोर हवी, म्हणजे वारा आरपार जातो. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या काढल्या, की हे साधत नाही. एका बाजूला गॅलरी काढली, की साधते. न्हाणी आणि संडास वेगळे ठेवले, तर सकाळी दोन माणसे एकाच वेळी मोकळी होतात. कपाटे भिंतीत, धुणे वाळवायला जागा, मजल्यावर मुलांना बसायला एक सामाईक खोली. यात अवघड शास्त्र काही नाही. राहणाऱ्या बाईला आधी विचारले, तर अर्धा नकाशा तीच काढून देईल.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास आता म्हाडामार्फत चालू आहे. रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची मोफत घरे द्यायची आहेत आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० वरून ५०० वर, त्याच जागी, कामाच्या आणि शाळेच्या जवळ. हा रहिवाशांच्या चिकाटीचा विजय आहे. पण चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पंप आणि दिवे यांचा खर्च दर महिन्याला येणार. निवृत्त कामगाराला तो झेपला नाही, तर तो घर भाड्याने देऊन विरार-पनवेलकडे निघून जाईल. इमारत सुधारली आणि माणूस हलला, तर पुनरुज्जीवन कोणाचे झाले?

आणि ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, त्यांचे काय? रुग्णालयातल्या परिचारिका, पहारेकरी, सफाई कामगार, दारोदार सामान पोचवणारी पोरे. यांना आज मालकीचे घर नको आहे. कामाजवळ, परवडणाऱ्या भाड्याची, स्वच्छ खोली हवी आहे. माझ्या मते लहान घराची खरी जागा येथे आहे. २००८ मध्ये महानगर प्रदेशासाठी भाड्याच्या घरांची एक योजना निघाली, तीत घर १६० चौरस फुटांचे धरले होते. नव्वद वर्षे उलटली आणि आकडा तोच! एका माणसाला, शहराच्या पोटात, संडास-न्हाणीसह तेवढी खोली दिली तर ते हित आहे. कुटुंबाला, शहराच्या वेशीबाहेर दिली तर ती अडगळ आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या इमारतीत आज ना उद्या पुनर्विकासाचा प्रस्ताव येईल. सभेत सगळे एकच विचारतात, चटईक्षेत्र किती मिळणार? ते जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी पाच प्रश्न विचारा. माणशी किती येते? दोन इमारतींत अंतर किती? दाराबाहेर काय मिळते? महिन्याचा खर्च किती आणि दहा वर्षांनंतर तो कोण देणार? आणि आज येथे राहणाऱ्यांपैकी किती जण तेव्हाही येथेच असतील? ही पाच उत्तरे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर आम्ही कामगारांनी फार गमावले आहे. तुम्ही गमावू नका.