रुंद नेत्रिका आणि खानदेशाचे दक्षिण आकाश

वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम-७ हा तारकागुच्छ जळगाव-धुळ्याहून क्षितिजाच्या वर सुमारे ३४ अंशांपर्यंत चढतो, तर लंडनहून तो जेमतेम चार अंश वर येतो. म्हणून दुर्बिणीला कोणती नेत्रिका लावावी, हे ठरवताना खानदेशातील निरीक्षकाने आपल्या आकाशातील अशा विस्तृत गुच्छांचा विचार आधी करणे इष्ट ठरते. एम-७ चा विस्तार सुमारे १.३ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या अडीच पट आहे.

नेत्रिका म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगांचा संच. तिच्यातून पाहताना प्रकाशाचे वर्तुळ डोळ्याला जितके अंश रुंद भासते, ते तिचे आभासी दृश्यक्षेत्र होय. साध्या प्लॉसल नेत्रिकेत ते सुमारे ५० अंश असते, तर अल नागलर यांनी १९८० च्या सुमारास ते ८२ अंशांपर्यंत नेले. मात्र या आकड्याला भुलून खरेदी करू नये, कारण प्रत्यक्षात आकाशाचा किती भाग दिसेल, याला नेत्रिकेच्या नळीची रुंदी मर्यादा घालते. १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीला सव्वा इंची नळीची ३२ मिलिमीटरची प्लॉसल लावली किंवा २४ मिलिमीटरची ६८ अंशी रुंद नेत्रिका लावली, तरी दोन्हींतून सुमारे १.३ अंशच आकाश दिसते.

मग रुंद नेत्रिकेचा लाभ कोणता? पहिलीने वर्धन ३७.५ पट मिळते, दुसरीने ५० पट. शिवाय डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास चारवरून तीन मिलिमीटरवर येत असल्याने आकाशाची पार्श्वभूमी जवळजवळ निम्म्याने काळवंडते, पण बिंदुरूप तारे तसे मंदावत नाहीत. शहरी दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तारकागुच्छ यामुळेच उठून दिसतात. तेजोमेघांना हा लाभ नाही, कारण त्यांचा प्रकाशही तितकाच पसरतो. ही सारी आकडेमोड खरेदीपूर्वी कागदावर करता येते. (चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनीही सर्व यंत्रांत धीयंत्र, म्हणजे बुद्धीच, श्रेष्ठ मानली होती.)

एम-७ भोवती थोडे मोकळे आकाशही हवे असेल, तर दोन इंची नळीला पर्याय नाही. तीतून या दुर्बिणीने दोन अंशांहून अधिक आकाश मावते, परंतु अशा काही नेत्रिका किलोभर वजनाच्या असल्याने हलक्या दुर्बिणीचा तोल जातो. नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असलेल्या दुर्बिणीत स्वस्त रुंद नेत्रिकाही कडेपर्यंत बऱ्यापैकी निभावून नेते, पाचपट असलेल्या दुर्बिणीत मात्र कडेचे तारे पसरट दिसू लागतात. चष्मा लावूनच पाहावे लागणाऱ्यांनी या सर्वांआधी नेत्रांतर, म्हणजे शेवटच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवता येतो ते तपासावे. ते १५ मिलिमीटरहून कमी असल्यास रुंद क्षेत्रासाठी मोजलेले पैसे चष्म्याच्या काचेआड वाया जातात.