लिंक आली, गाणं कुठंय?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कॉलेजच्या ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात. पहिली, "गावाकडं कधी निघायलास?" दुसरी, एसटी स्टँडवरच्या गर्दीचा फोटो. आणि तिसरी, कुणीतरी टाकलेली 'दिवाळी स्पेशल' प्लेलिस्टची लिंक. तिच्यावर पाच-सहा अंगठे येतात, दोन बदाम येतात आणि विषय संपतो. खरं सांगा, मागच्या दिवाळीत ग्रुपवर आलेलं एक तरी गाणं आठवतंय का?

नसेल, तर दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही. ती लिंक कुणी तुमच्यासाठी म्हणून पाठवलेलीच नव्हती.

आवडीचं गाणं दुसऱ्याला ऐकवायची हौस आपल्याकडं मोबाइलच्या आधीपासून आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत आणि वर्षभरात ५६ गाणी. घरी रेडिओ नसलेली माणसं शेजारी जाऊन बसायची. पुढं 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांना लोक पोस्टकार्डं पाठवू लागले. गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची आणि आपलं नाव रेडिओवर आलं म्हणून गल्लीभर सांगितलं जायचं. मग कॅसेट आली. आवडीची गाणी भरून घ्यायची, कव्हरवर पेनानं यादी लिहायची आणि मित्राला द्यायची. आपल्या लहानपणी मोबाइलच्या दुकानांवर 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची. वर्गात ब्लूटूथ लावून, दोन फोन शेजारी ठेवून गाणं 'जाईपर्यंत' वाट बघितलेलीही आठवत असेल.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. गाण्यासोबत माणूस यायचा. हे कुणी दिलं, कुणासाठी दिलं, हे कळायचं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, कुठलंही गाणं सेकंदात मिळायला लागलं. हे भारीच झालं. पण तेवढ्यात गाण्यावरचं नाव गळून पडलं.

आता जरा वेगळा प्रश्न. तुमच्या घरची, तुमच्या गावची दिवाळी कुठल्या तयार प्लेलिस्टमध्ये आहे?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बंजारा तांडे आहेत. तिथं दिवाळीच्या अमावास्येला 'मेरा' असतो. लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन आधी नायकाच्या आणि मग प्रत्येकाच्या दारी जातात, गोरबोलीत गाणं म्हणत ओवाळतात. मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत वसुबारसेला गुराखी पोरं गाई-म्हशींना ओवाळत दारोदार गातात. नांदेडात गोदावरीच्या बंदाघाटावर 'दिवाळी पहाट' रंगते आणि त्याच शहरात सचखंड गुरुद्वारात शबद-कीर्तन सुरू असतं. आणि सणांचं म्हणाल तर प्रल्हाद शिंदे यांचा एकच आवाज आषाढीला विठ्ठलाच्या गाण्यात आणि १४ एप्रिलला भीमगीतात ऐकू येतो. एवढं सगळं शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात! आणि आपण ग्रुपवर काय टाकतो? सगळ्यांना आधीच माहीत असलेलं एखादं हिंदी गाणं.

असं का होतं, हे आपल्याला माहीत आहे. फक्त कुणी बोलत नाही. गाण्यावरून आडनावाचा अंदाज लावला जातो. भीमगीत स्टेटसला ठेवलं की कुणीतरी विचारतं, "अच्छा, तू त्यातला का?" तांड्यावरची मुलगी 'मेरा'चा व्हिडिओ टाकायच्या आधी दहादा विचार करते, कारण हसतील ही भीती असते. नात किंवा कव्वाली आवडणारा मित्र ती हेडफोनमध्येच ठेवतो. मग सगळे मिळून अरिजित ऐकतात, कारण अरिजितला आडनाव विचारत नाहीत. चार वर्षं एका बाकावर बसूनही एकमेकांच्या घरी सणाला काय गातात, हे आपल्याला माहीत नसतं.

दुसरी अडचण आणखी घाईची आहे. 'मेरा' गाणाऱ्या कितीतरी पोरी आज लातूरच्या ट्यूशन एरियात, होस्टेलच्या खोलीत नीटचे पेपर सोडवतायत. शिकायलाच हवं, त्यात प्रश्न नाही. पण सणाला गावी जाणं हुकलं की गाणं शिकण्याची ती रात्रही हुकते. जात्यावरच्या ओव्यांचं हेच झालं. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या फक्त आजीच्या डोक्यात राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या उरल्या. आज 'पारी'च्या वेबसाइटवर त्या वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. महत्त्वाचं म्हणजे, ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे.

एवढं मोठं काम आपल्याला जमणार नाही, पण एका गाण्यापुरतं नक्की जमेल. या सुट्टीत घरी गेलात की आजीला, आईला, काकूला, तांड्यावरच्या ताईला एक गाणं म्हणायला लावा. टीव्ही आणि पंखा बंद करा, फोनचा रेकॉर्डर लावा. सुरुवातीला त्यांनाच नाव, गाव आणि हे गाणं कधी म्हणतात ते सांगू द्या. आजी म्हणेल, "मला कुठं येतंय?" पाच मिनिटं थांबा. एक कडवं आठवलं की पुढची आपोआप येतात.

ग्रुपवर टाकायच्या आधी मात्र त्यांना विचारा. घरात म्हणणं वेगळं आणि शंभर जणांनी ऐकणं वेगळं. नाही म्हणाल्या तर ते रेकॉर्डिंग घरच्यांपुरतं ठेवा. आणि फाइल एकाच अॅपच्या भरवशावर सोडू नका. २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद झालं, तेव्हा वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट दुसरीकडं हलवायला किती जणांची धावपळ उडाली होती! म्हणून एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि फाइलला गाणारीचं नाव, गाव, साल द्या.

मग ग्रुपवर एक साधा नियम ठरवा. धनत्रयोदशी ते भाऊबीज, रोज एकानं एकच गाणं टाकायचं. घरचं रेकॉर्डिंग नसेल तर यूट्यूबवरचंही चालेल. पण सोबत दोन ओळी लिहायच्या: हे आमच्याकडं कोण म्हणतं आणि मला का आवडतं. ऐकणाऱ्यानं अंगठा न देता एक प्रश्न विचारायचा. गोरबोलीतला एखादा शब्द कळला नाही तर अर्थ विचारा, सांगणाऱ्याला आनंदच होईल.

पहिलं गाणं कुणी टाकायचं, यावर ग्रुप दोन दिवस गप्प बसेल. तेव्हा ते तुम्हीच टाका. ज्याचं गाणं अजून हेडफोनमध्येच आहे, तो मित्र बघतोय.