गाडी रेंगाळत नाही, प्रमाणात धावते

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो मॉडेल रेलरोड म्युझियममध्ये ला मेसा क्लबने तेहाचापी खिंडीतला रेल्वेमार्ग एचओ प्रमाणात (मूळच्या 87व्या हिश्शात) उभारला आहे. अशा मांडणीपुढे नवख्या प्रेक्षकाला वाटतं, गाड्या उगाच रेंगाळतायत. खरं तर चालवणारे जपत असतात तो प्रमाणवेग (लांबीइतक्याच पटीने घटवलेला वेग). ताशी 40 किलोमीटरने जाणारी मालगाडी इथे सेकंदाला जेमतेम 13 सेंटिमीटर सरकते. उंचावरचं विमानही जमिनीवरून संथच दिसतं, पण ते लांब आहे हे आपण गृहीत धरतो. हातभर अंतरावरच्या डब्यांना ती सवलत देत नाही. वेग सेकंदाला एक मीटर केला, तर हिशेबाने मूळ मालगाडी ताशी 313 किलोमीटरने घाट चढू लागेल! मुलं कंटाळतात, हा आक्षेप मात्र खोटा नाही. पण त्यावर वेग वाढवण्यापेक्षा गाड्यांची संख्या वाढवणं बरं. वेगामुळे वळणावर डबे घसरण्याचा धोकाही वाढतो. शिवाय वेग घेण्याची रीतही जपावी लागते: खरी जड गाडी भारामुळे हळूहळू वेग घेते, पण हलक्या प्रतिकृतीत तो भार नसतो. त्या भाराचा भास इंजिनातला डीकोडर (नियंत्रकाचे संदेश वाचणारं छोटं सर्किट) मोटरचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवून निर्माण करतो.