टॅग लावताय? आधी शोधणाऱ्याचा विचार करा!

हळदीच्या डब्यावर ‘हळद’ आणि तिखटाच्या डब्यावर ‘तिखट’ अशी चिठ्ठी असली, की घरातलं कुणीही स्वयंपाकाला उभं राहिलं तरी अडत नाही. आता समजा, हळदीच्या एकाच डब्यावर कुणी हळद, साखर, बदाम, केशर अशा चार चिठ्ठ्या लावल्या तर? साखर शोधणाऱ्याच्या हाती हळद येईल आणि पुढच्या वेळी तो चिठ्ठीवर विश्वासच ठेवणार नाही.

मोबाईलवर आपण लावतो ते टॅग म्हणजे अशाच चिठ्ठ्या. कुणी विचारतं, ‘कुंडीतल्या भेंडीच्या पानांवर कीड पडली आहे, काय करू?’ आणि खाली टॅग असतात #क्रिकेट, #नोकरी, #व्हायरल. जास्तीत जास्त लोकांनी आपला प्रश्न पाहावा, एवढाच हेतू असतो. होतं मात्र उलटं. क्रिकेट पाहायला आलेला माणूस वैतागून पुढे जातो. आणि ज्या अनुभवी आजोबांकडे किडीवरचा उपाय आहे, ते #बागकाम उघडून बसलेले असतात. तिथे हा प्रश्न पोचतच नाही.

वाचकाचा वेळ वाचवा

ही अडचण इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम सांगतो, की वाचकाचा वेळ वाचवा. त्यासाठीच त्यांनी १९३३ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची स्वतःची पद्धत प्रसिद्ध केली. पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं, तर ते असूनही नसल्यासारखंच! आपल्या देशात १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. आज टॅग लावणारा प्रत्येकजण थोडासा ग्रंथपालच असतो. पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं, हे तोच ठरवतो.

एका टॅगने काय बिघडतं?

२३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं, की एका विषयावरचं बोलणं एकत्र दिसावं म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावावं. या सोयीचा गोंधळ कसा होऊ शकतो, ते २ जून २०२० रोजी जगाने पाहिलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर आंदोलन पेटलं होतं. मोर्चे, मदत, कायदेशीर सल्ला ही सगळी माहिती लोक #ब्लॅकलाइव्हजमॅटर या टॅगवर शोधत होते. त्या दिवशी असंख्य लोकांनी पाठिंबा म्हणून काळे चौकोन टाकले आणि त्यांना हाच टॅग जोडला. भावना चांगली होती, पण टॅग उघडला की नुसते काळे चौकोन दिसू लागले आणि कामाची माहिती खाली दबली. शेवटी कार्यकर्त्यांनाच विनवावं लागलं, की चौकोन टाका, पण हा टॅग काढा.

मुद्दाम केलेला गैरवापर तर याहून घातक असतो. यूट्यूबवर लहान मुलांच्या लाडक्या पात्रांची नावं शीर्षकात आणि टॅगमध्ये भरून, आत भीतीदायक, हिंसक दृश्यं असलेले व्हिडिओ पसरले होते. मूल कार्टून शोधायचं आणि समोर भलतंच यायचं. २०१७ च्या नोव्हेंबरात यावर मोठा आरडाओरडा झाला, तेव्हा यूट्यूबने असे व्हिडिओ आणि चॅनेल काढायला सुरुवात केली. आपल्या भयकथेला #बालकथा असा टॅग लावण्याआधी त्या टॅगवर कोण येतं, हे म्हणूनच आठवावं.

जेव्हा शब्दच आधार होतात

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्याकडे लोक ऑक्सिजन आणि खाटा समाजमाध्यमांवर शोधत होते. शहराचं नाव, ‘ऑक्सिजन’ आणि ‘व्हेरिफाइड’ म्हणजे खात्री केलेलं, एवढे शब्द टाकून शोध घेतला जायचा. त्यासाठी काही तरुणांनी तयार दुवेही बनवले होते. ज्या संदेशात ‘हवं आहे’ असं लिहिलेलं असेल तो त्यातून गाळला जायचा, म्हणजे मागणी आणि उपलब्ध मदत यांची सरमिसळ होत नसे. खात्री न करता ‘व्हेरिफाइड’ लिहिलं, की कुठलं तरी कुटुंब बंद पडलेला नंबर फिरवत बसायचं. ज्यांनी फोन करून खात्री केली आणि तारीख-वेळही लिहिली, त्यांनी अनोळखी माणसांची लाखमोलाची मिनिटं वाचवली.

मग टॅग कसे लावावेत?

लेखनात खरोखर जे आहे, तेवढेच टॅग लावा; तीन-चार पुरेत. ‘प्रश्न’, ‘मदत’, ‘मस्त’ अशा शब्दांनी काहीच कळत नाही. त्यापेक्षा #भेंडी, #कीडनियंत्रण लिहा. नवा टॅग बनवण्याआधी जुना आहे का, ते शोधा. पुरणपोळीची कृती एकाने #पाककृतीमध्ये, दुसऱ्याने #रेसिपीमध्ये आणि तिसऱ्याने चुकीच्या शुद्धलेखनात टाकली, की तिन्ही एकमेकींपासून दुरावतात. टॅगमध्ये जागा सोडू नका. ‘#घरगुती उपाय’ असं लिहिलं, तर फक्त ‘घरगुती’ एवढाच टॅग होतो. चुकीचा टॅग लागला असेल, तर बदलून टाका. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते.

दुसऱ्या कुणाचा चुकलेला टॅग दिसला, तर चारचौघांत टोमणा मारू नका. नवख्या माणसाला बऱ्याचदा टॅग कशासाठी असतो हेच माहीत नसतं. ‘हा प्रश्न बागकामात टाकलात तर लवकर उत्तर मिळेल,’ एवढं सांगितलं तरी पुरतं. त्याच्या भेंडीला उपाय सापडेल, आणि पुढच्या वेळी तो टॅगही नीट लावेल.