आधी यादी वाचा, मग ‘वाय’ दाबा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात सॉफ्टवेअर येते ते ‘पॅकेज’च्या रूपात. पॅकेज म्हणजे एका फाइलमध्ये बांधलेले गाठोडे. डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट या प्रणालींत अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डेब’ ही अक्षरे असतात. गाठोड्यात मुख्य भाग दोन. एकात प्रत्यक्ष प्रोग्राम, त्याची चित्रे, मदतीची पाने. दुसऱ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि ते चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतात याची नोंद. दुसऱ्या पॅकेजच्या अशा गरजेला ‘डिपेंडन्सी’ म्हणतात, आणि पॅकेज बसवण्या-काढण्यातली बहुतेक गुंतागुंत तिच्यातूनच येते.

डेबियन प्रकल्प इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. पॅकेज उलगडून प्रत्येक फाइल जागच्या जागी ठेवणारे ‘डीपीकेजी’ हे साधन सुरुवातीच्या काळातच तयार झाले. मात्र हातात दिलेली फाइल बसवणे एवढेच त्याचे काम. तिला लागणारे दुसरे पॅकेज नसेल, तर डीपीकेजी तक्रार करून थांबतो. मग ते दुसरे शोधा, त्याला तिसरे लागले तर तेही शोधा, अशी दमछाक होई. ‘ॲप्ट’ने ती संपवली. १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ॲप्ट आला आणि लागणारी सगळी पॅकेजेस स्वतःच शोधून आणू लागला. बसवण्याचे काम तो आजही डीपीकेजीकडूनच करवून घेतो. पूर्वीची आज्ञा ‘ॲप्ट-गेट’ अशी होती. २०१४ पासून नुसते ‘ॲप्ट’ लिहिले तरी चालते.

ही पॅकेजेस येतात ‘रेपॉझिटरी’तून, म्हणजे इंटरनेटवरच्या भांडारातून. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या भांडारात ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा नोंदलेला असतो. वाटेत कुणी फाइलमध्ये फेरफार केला, तर ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ती नाकारतो. अनोळखी संकेतस्थळावरून फाइल उतरवून घेण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे, तो यामुळे.

ॲप्टच्या आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रणालीत बदल करणाऱ्या आज्ञेआधी ‘सुडो’ लिहितात. त्याचा अर्थ, हे काम प्रशासकाच्या अधिकाराने करायचे आहे. मग पासवर्ड विचारला जातो. तो टाइप करताना बहुधा पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. पासवर्ड पूर्ण टाइप करून एंटर दाबावे.

पहिली आज्ञा ‘सुडो ॲप्ट अपडेट’. नावामुळे अनेकांची गल्लत होते. या आज्ञेने एकही प्रोग्राम बदलत नाही. भांडाराची ताजी यादी तेवढी संगणकावर येते. बसवलेली पॅकेजेस नव्या आवृत्तीवर नेते ती ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. म्हणून क्रम नेहमी आधी अपडेट, मग अपग्रेड असा. यादी शिळी असेल, तर अपग्रेडला नव्या आवृत्त्यांचा पत्ताच लागत नाही. ‘अपग्रेड’ बसवलेले पॅकेज काढून टाकत नाही. ‘फुल-अपग्रेड’ गरज पडल्यास काढूही शकते, त्यामुळे ते जपून वापरावे. सुरक्षेच्या दुरुस्त्या याच वाटेने येत असल्याने अपग्रेड महिनोन्महिने टाळू नये.

नवे पॅकेज हवे असेल, तर ‘ॲप्ट सर्च’ने शोधावे आणि ‘ॲप्ट शो’ने त्याची माहिती वाचावी. चित्रे संपादित करण्याचा गिम्प हा प्रोग्राम घ्या. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिम्प’ लिहिताच ॲप्ट लगेच काही उतरवत नाही. गिम्पसोबत कोणती नवी पॅकेजेस येतील, किती डेटा उतरेल आणि डिस्कवर किती जागा लागेल, हे आधी पडद्यावर मांडतो. मग विचारतो, पुढे जायचे का? ‘वाय’ म्हणजे होय, ‘एन’ म्हणजे नाही. देवनागरीसाठीचा लोहित फॉन्ट किंवा लिब्रेऑफिसचे मराठी मेनूही अशाच एका आज्ञेने बसतात.

काढण्याच्या पायऱ्या तीन. ‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढते, पण प्रणालीतल्या त्याच्या सेटिंग फाइली ठेवते. ‘पर्ज’ त्याही पुसते. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइलींना दोन्हीपैकी कुणीच हात लावत नाही. ‘ऑटोरिमूव्ह’ दुसऱ्या पॅकेजसाठी आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस काढते. कोणते पॅकेज मागून घेतले आणि कोणते ओघाने आले, याची नोंद ॲप्ट ठेवतो, म्हणून त्याला हे जमते.

पडद्यावरची यादी न वाचण्याची किंमत २०२१ मध्ये जगाने पाहिली. यूट्यूबवरचे प्रसिद्ध तंत्रज्ञान-निवेदक लायनस सेबास्टियन पॉप ओएस या प्रणालीवर खेळांसाठीचे स्टीम बसवत होते. त्या वेळी भांडारातल्या पॅकेजांच्या आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता. स्टीम बसवायचे तर प्रणालीची अत्यावश्यक पॅकेजेस काढावी लागतील, असा इशारा ॲप्टने दिला आणि खात्रीसाठी एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले. सेबास्टियन यांनी ते केले आणि संगणकाचा डेस्कटॉपच निघून गेला. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी नियम कडक केला. अत्यावश्यक पॅकेज काढायचे, तर आता आज्ञेतच तशी वेगळी परवानगी लिहावी लागते.

एका वेळी एकच आज्ञा पॅकेजांना हात लावू शकते. पार्श्वभूमीला आपोआप अपग्रेड चालू असेल, तर ‘लॉक’, म्हणजे कुलूप, मिळत नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी थोडे थांबावे. कुलपाची फाइल पुसू नये, कारण अर्धवट राहिलेले काम प्रणाली बिघडवू शकते. काय बसले, काय निघाले, कधी, हे ॲप्ट आपल्या इतिहासाच्या फाइलीत लिहून ठेवतो, त्यामुळे चूक झाली तरी माग काढता येतो. पण ती वेळ येऊ नये यासाठी एकच सवय पुरेशी आहे. ‘वाय’ दाबण्याआधी यादी शेवटपर्यंत वाचावी, आणि ‘ही पॅकेजेस काढली जातील’ या ओळीखाली ओळखीचे नाव दिसले तर ‘एन’ दाबून थांबावे.