कुरण एक, पण जंत काहींनाच

एकाच जातीची, एकाच वयाची वासरे एकाच कुरणात चरायला सोडली, तर त्यांना जंतांची बाधाही सारखीच व्हावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. एखाद्या वासराच्या शेणात दर ग्रॅममागे जंतांची शेकडो अंडी आढळतात, तर त्याच्या शेजारीच चरणाऱ्या दुसऱ्याच्या शेणात ती शोधावी लागतात. या फरकाचे मूळ काही अंशी जन्मातच असते.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल (मेरीलँड) येथील संशोधन केंद्रात लुई गॅसबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँगस जातीच्या गुरांवर याचा दीर्घकाळ अभ्यास केला. वासरांचे तीन गट पडतात, असे त्यांना दिसले. सुमारे २५ टक्के वासरांत अंड्यांची संख्या कधी वाढतच नाही. जवळपास निम्म्या वासरांत ती पहिले दोन महिने वाढते आणि मग शरीर जागे झाल्याप्रमाणे खाली येते. उरलेल्या २५ टक्क्यांत मात्र ती चढीच राहते. कुरणात पडणारी बहुतांश अंडी या थोडक्या जनावरांचीच. म्हणजे साऱ्या कळपाला जंतांचा पुरवठा करणारी जनावरे मोजकीच असतात!

अंड्यांच्या संख्येची आनुवंशिकता सुमारे ०.३० भरली. याचा अर्थ, जनावराजनावरांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे ३० टक्के वाटा आईबापांकडून आलेल्या जनुकांचा. आकडा किरकोळ वाटेल. पण दुधाच्या उत्पादनाची आनुवंशिकताही साधारण तेवढीच असते आणि तरीही निवडक वळूंच्या पैदाशीतून दूध पिढ्यानपिढ्या वाढवता आले आहे.

या संशोधनाची निकड औषधांमुळे निर्माण झाली आहे. १९८१ मध्ये पशुवैद्यकात आलेल्या आयव्हरमेक्टिनने जंतांचा प्रश्न जवळजवळ मिटवला होता. त्याच्या मुळाशी असलेल्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु लहान आतड्यात राहणाऱ्या कूपेरिया या जंताने अनेक देशांत या औषधाला दाद देणे सोडले आहे. शिवाय सरसकट औषध देण्याचा एक दुष्परिणाम सहसा लक्षात येत नाही. जंतांपुढे हतबल असलेले जनावरही औषधाच्या जोरावर धष्टपुष्ट दिसते, पैदाशीसाठी निवडले जाते आणि आपला दुबळेपणा पुढच्या पिढीला देऊन जाते.

मग कमी अंडी दिसणारा वळू निवडावा, की झाले? गोष्ट इतकी सोपी नाही. अंड्यांच्या मोजणीवरून कूपेरियाचा अंदाज चांगला येतो. पण समशीतोष्ण प्रदेशात सर्वाधिक नुकसान करणारा ऑस्टरटेजिया हा जंत आतड्यात नव्हे, तर जठराच्या चौथ्या कप्प्यात ठाण मांडतो. त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती फार सावकाश येते. जनावर दोन वर्षांहून मोठे होईपर्यंत नव्या अळ्यांची वाढ सहसा रोखली जात नाही. तोवर शरीराचा प्रतिकार वेगळ्याच रूपात दिसतो. जंत खुरटतात आणि त्यांच्या माद्यांच्या पोटात अंडी कमी होतात. त्यामुळे शेणात अंडी कमी दिसली, तरी पोटात जंत कमी आहेत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यासाठी रक्तातील पेप्सिनोजेनचे प्रमाण आणि वजनातील वाढही पाहावी लागते.

गाईचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हा शोध थेट जनुकांपर्यंत नेणे शक्य झाले. मात्र जिच्या जोरावर जंतांना हरवता यावे, अशी एकच कळ त्यात सापडलेली नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील मेंढपाळ एडका निवडताना अंड्यांची मोजणी विचारात घेतात. गुरांच्या बाबतीत ही मजल अद्याप गाठलेली नाही. परीक्षेसाठी वासरांना महिनोन्‌महिने औषधाविना जंतांच्या कुरणात ठेवावे लागते, पुन्हा पुन्हा शेण तपासावे लागते आणि त्या काळात घटणाऱ्या वजनाचा भुर्दंड गोपालकालाच सोसावा लागतो.